फुफ्फुसातला जंतू आणि नळीतला जंतू

पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ साली पेनिसिलिन तयार होऊ लागले. त्याच्या पंधरा वर्षे आधी, २५ मे १९४० रोजी, ऑक्सफर्डमध्ये आठ उंदरांना स्ट्रेप्टोकॉकस हा जंतू टोचण्यात आला. पेनिसिलिन मिळालेले चौघे सकाळी जिवंत होते, बाकीचे चारही रात्रीतच मेले होते. आज परीक्षानळीत आणि संगणकावर इतके काही कळत असताना प्रतिजैविकांसाठी उंदीर अजून कशाला, हा प्रश्न रास्त आहे. निदान न्यूमोनियाच्या औषधांपुरते तरी ते हवेत, असे मला वाटते. कारण जंतू मारणे वेगळे आणि फुफ्फुसात शिरलेला जंतू मारणे वेगळे. डॅप्टोमायसिनने हे फार महागात शिकवले. न्यूमोकॉकस या न्यूमोनियाच्या जंतूला नळीत सहज मारणारे हे औषध न्यूमोनियाच्या रुग्णांवरील चाचण्यांत सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन या दुसऱ्या प्रतिजैविकापुढे कमी पडले. २००५ मध्ये कारण प्रसिद्ध झाले : वायुकोश मिटू नयेत म्हणून त्यांच्या आत सर्फॅक्टंटचा थर असतो, तोच या औषधाला निकामी करतो. रक्तावाटे फुफ्फुसात पोचलेल्या संसर्गावर ते उंदरांत चालले, श्वासनलिकेवाटे वायुकोशांत उतरलेल्या संसर्गावर मात्र नाही.

छत्रपती संभाजीनगरात संशोधन केंद्र असलेल्या वोक्हार्टचे नॅफिथ्रोमायसिन नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झाले : न्यूमोनियासाठी दिवसातून एकदा, फक्त तीन दिवस. त्याची ताकदही आधी उंदरांच्या फुफ्फुसांतच मोजली गेली. अशा प्रयोगात सायक्लोफॉस्फामाइड देऊन उंदराच्या पांढऱ्या पेशी घटवतात, म्हणजे जंतू मेले तर ते औषधानेच मेले हे कळते. मग चोवीस तासांनी फुफ्फुसात उरलेले जंतू मोजतात. असा उंदीर माणसासारखा कुठे असतो, हा आक्षेप खराच आहे. शिवाय उंदराचे शरीर औषध फार लवकर बाहेर टाकते, त्यामुळे त्याची मात्रा माणसाला जशीच्या तशी लावता येत नाही. पण रुग्ण बरा होईल का, हे या प्रयोगात विचारलेलेच नसते. जंतूंची वाढ थांबायला औषध त्यांच्यापाशी किती आणि किती वेळ हवे, एवढेच विचारलेले असते. त्या उत्तरावरून माणसाच्या मात्रेचा हिशेब मांडतात. तो नसेल, तर मात्रेचा अंदाज धाप लागलेल्या रुग्णावर बांधावा लागेल.

प्राण्यांच्या वेदनांचा आक्षेप याहून जड आहे आणि कोणत्याही हिशेबाने तो मिटत नाही. औषध-चाचण्यांच्या २०२३ च्या सुधारित नियमांनी मानवी पेशींवरील आणि अवयव-चिपवरील चाचण्यांना आपल्याकडे वाट मोकळी केली आहे. डॅप्टोमायसिनचा दोष आता नळीत सर्फॅक्टंट घालूनही पकडता येतो. त्या चाचणीत हरलेले औषध न्यूमोनियासाठी उंदरापर्यंत जाताच कामा नये, आणि प्राणी मंजूर करण्याआधी नीतिसमितीने हा निकाल मागायलाच हवा.