एक गणित, चार ओळी

५२ मधून ३८ वजा करताना काही मुले २६ उत्तर लिहितात. हा निष्काळजीपणा नव्हे. प्रत्येक स्थानी ती मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतात. अशा चुकांमागे बहुधा ठरावीक नियम असतो, हे ब्राउन व बर्टन यांनी १९७८ साली दाखवले. मग घरी अशीच वीस गणिते घातली, तर चुकीचा नियमच पक्का होणार!

म्हणून आम्ही पालकांना एकच गणित सुचवतो. दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी देऊन मुलाकडे ३८ रुपये मागावेत. एक नोट मोडावीच लागते. १४ रुपये उरतात. काय केले ते मुलाने चार ओळींत लिहावे. लेखनाचा सराव होतो, आणि मूल नेमके कुठे अडले ते आपल्याला वाचता येते.