पडद्यावरचे डॉक्टर आणि आपले मन

'डॉक्टर' ही पदवी दोन वाटांनी मिळते. एक वैद्यकीय शिक्षणाची, दुसरी विद्यापीठाला प्रबंध सादर करून मिळणाऱ्या पीएच.डी.ची. मानसशास्त्रज्ञ बहुधा दुसऱ्या वाटेने येतात. त्यात कमीपणा काहीच नाही. पण टीव्हीवर नावाआधी नुसते 'डॉ.' दिसते आणि समोर बसलेला माणूस आपल्यावर उपचारच करतो आहे, असे वाटू लागते.

या प्रकाराची सुरुवात अमेरिकेत झाली. डॉ. जॉईस ब्रदर्स या कोलंबिया विद्यापीठाच्या पीएच.डी. त्या प्रसिद्ध झाल्या मात्र १९५५ साली टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत ६४,००० डॉलर जिंकल्यामुळे, आणि विषय होता बॉक्सिंग! १९५८ पासून त्या टीव्हीवर सल्ला देऊ लागल्या. नवरा-बायकोतले ताण, लैंगिक प्रश्न असे घरात कुणी उच्चारत नसे ते त्या साध्या भाषेत बोलल्या. हे उपकाराचे काम होते, ते नाकारू नये.

पुढे डॉ. फिल मॅकग्रॉ आले. १९७९ साली क्लिनिकल सायकॉलॉजीत पीएच.डी. झाल्यावर काही वर्षे त्यांनी रुग्ण पाहिले. नंतर ते कोर्टातल्या खटल्यांसाठी सल्ला देणाऱ्या कंपनीत रमले. ओप्रा विन्फ्री यांच्यावर टेक्सासच्या गुरांच्या व्यापाऱ्यांनी भरलेल्या खटल्यात त्यांनी मदत केली, त्या १९९८ साली जिंकल्या आणि डॉ. फिल त्यांच्या कार्यक्रमात झळकले. १९९९ मध्ये 'लाइफ स्ट्रॅटेजीज' हे पुस्तक आले, २००२ मध्ये स्वतःचा कार्यक्रम. तो २०२३ पर्यंत चालला. गंमत अशी, की २००६ नंतर त्यांच्याकडे टेक्सासचा मानसशास्त्रज्ञाचा चालू परवानाच नव्हता. कार्यक्रमाला तो लागतही नव्हता. कारण तो उपचार नव्हे, करमणूक.

करमणुकीची किंमत कोण मोजतो? 'द शायनिंग' चित्रपटातल्या अभिनेत्री शेली डुव्हाल यांना २०१६ मध्ये या कार्यक्रमात आणले. मानसिक आजाराने विस्कटलेली ती बाई बोलत होती आणि लाखो लोक पाहत होते. त्यावर जोरदार टीका झाली. ज्याला आजार आहे त्याची संमती खरी किती, हा प्रश्न तिथे कुणी थांबून विचारला नाही. डॉ. फिल यांच्या नावाने वजन कमी करण्याच्या गोळ्या आणि खाऊही विकायला आले होते. ग्राहकांनी दावा लावला, तो १ कोटी ५ लाख डॉलरवर मिटला.

पुस्तकांचे दुखणे निराळे. 'तुम्ही बदला, जग बदलेल' हे त्यातल्या बहुतेकांचे पालुपद. सवयी सुधारायला ते उपयोगी पडेल. पण नोकरी गेलेला, घरभाड्यासाठी आडनाव विचारून परत पाठवलेला किंवा वर्गात अपमान झालेला मुलगा ते वाचतो तेव्हा दोष आपलाच, असे समजून आणखी खचतो. त्याच्या मनावरचा भार त्याने एकट्याने निर्माण केलेला नसतो, हे त्या पानांत क्वचितच असते.

आता मोबाइलवर आपल्याकडेही असे सल्लागार रोज दिसतात. चांगले बोलणारे ऐकावे. मात्र झोप उडाली, जेवण सुटले, कामात मन लागेना आणि असे दोन आठवडे चालले, तर व्हिडिओ पुरत नाही. मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असतात, औषधे तेच देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बोलून उपचार करतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नये. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागाची चौकशी करा. जीव नकोसा वाटत असेल तर दोन आठवडे थांबू नका. १४४१६ या 'टेली-मानस' क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मोफत बोलता येते, मराठीतही.