गुराबेला फ्रिगेट म्हणावे काय?

मराठ्यांच्या आरमारी कागदांचे इंग्रजी करावयास बसले की मोडीच्या वळणांपेक्षाही लहान तारवांची नावे अधिक छळतात. कारण गुराब, गलबत, शिबाड हे शब्द कोकणच्या उथळ खाड्यांत वावरलेले, तर त्यांच्या जागी बसू पाहणारे फ्रिगेट, स्लूप, ब्रिग हे शब्द सर्वस्वी निराळ्या समुद्रावर घडलेले.

गुराबेला फ्रिगेट म्हणण्याचा मोह पुष्कळांना होतो. परंतु रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील आरमाराचे प्रकरण वाचले की तो मोह ओसरतो. गुराबा मध्यम बांधाच्या सजवाव्या असे सांगून, वाऱ्यावाचून निरुपयोगी अशी थोर बरसे व फरगाते करण्याचे प्रयोजन नाही, असे अमात्य तेथेच बजावतात, आणि फरगात म्हणजे फ्रिगेटच! जे बांधू नये म्हणून त्यांनी ताकीद दिली, तेच बांधण्याचा हुकूम असे भाषांतर त्यांच्या नावावर घालते.

त्याहून ईस्ट इंडिया कंपनीच्या दर्यावर्दींनी आपल्या भाषेत सामावून घेतलेला ‘ग्रॅब’ हा शब्दच प्रशस्त. रॉबर्ट ऑर्म या अठराव्या शतकातील इतिहासकाराने या नौकेचे यथातथ्य वर्णन केले आहे: दोन डोलकाठ्यांची दीडशे टनांपर्यंत, तीन डोलकाठ्यांची सुमारे ३०० टनांची, पाण्यात फार न बुडणारी, आणि नाळेकडे तोंड करून रोखलेल्या दोन तोफांची. त्याचे ‘गॅलिव्हॅट’ म्हणजे आपले गलबत, क्वचितच ७० टनांवर जाणारे, ४०-५० वल्ह्यांचे. वारा पडला असता तेच गुराबांना ओढून शत्रूवर नेई. पाच गुराबा आणि पंधरा गलबते मिळून एक सुभा करावा, या अमात्यांच्या योजनेचे मर्म मला तरी या वल्ह्यांतच दिसते, आणि म्हणून गलबताला नुसते ‘बोट’ म्हणणे मला मान्य नाही.

स्लूप तर मी मसुद्यातून काढूनच टाकतो. व्यापारी बंदरात तो एका डोलकाठीचा. त्या काळच्या ब्रिटिश आरमारात मात्र डोलकाठ्या दोन असोत वा तीन, कमांडर हुद्द्याच्या अधिकाऱ्याकडे सोपवलेले लहान लढाऊ जहाज ते स्लूप. अशा हुद्द्याच्या मापाने मराठा आरमाराच्या आंग्र्यांचे तारू काय मोजणार?

गलबताचा अर्थ मात्र कागदागणिक तपासावा लागतो. पुढे हा शब्द कोणत्याही जहाजाला लागू झाला असल्याने, जकातीच्या हिशेबात नारळ-मिठाची भरताड आढळली तर ‘गॅलिव्हॅट’ खोडून मी साधे ‘व्हेसल’ लिहितो. मालवाहू शिबाड तेवढे शिबाडच ठेवतो आणि तळटीप देतो.