साखरेचे चिलखत आणि जीवाणूचा कोयता



उसाचा उतारा, तोडणी, हप्ता यांवर आम्ही नेहमीच लिहितो. आज साखरेचा एक निराळाच उपयोग सांगतो. तो समजून घेण्याचे काम आपल्या मावळापासून जवळच, पुण्यातल्या पाषाणला झाले आहे. लोणावळ्याची लोकल पकडणारा माणूस तासा-दीड तासात शिवाजीनगरला उतरतो, तिथून पाषाण ते किती लांब!

जीवाणूंनाही विषाणूंची बाधा होते. विषाणू आपला डीएनए जीवाणूच्या पोटात सोडतो. तो तोडायला जीवाणूजवळ विकरे, म्हणजे एन्झाइम, असतात. हे कोयते दिसेल तिथे चालत नाहीत. ठरावीक अक्षरे ओळखून घाव घालतात. स्वतःच्या डीएनएवर जीवाणू मिथाइलची खूण करून ठेवतो, पोळ्याला आपण बैलाची शिंगे रंगवतो तशी. खूण दिसली की कोयता थांबतो.

टी-4 हा विषाणू मात्र महाबिलंदर. त्याच्या डीएनएत 'सी' हे अक्षरच बदललेले असते, त्यामुळे नेहमीचे कोयते बोथट! पण ई. कोलाय जीवाणूकडे उलट्या स्वभावाचे विकर आहे, एमसीआर-बीसी. ते बदललेलाच 'सी' हुडकून तोडते. मग विषाणूने काय करावे? त्या अक्षरावर चक्क ग्लुकोज चढवले! 1952 साली लुरिया आणि ह्यूमन यांना असे विषाणू आढळले, की जे एका जीवाणूत वाढून दुसऱ्यात टिकेनात. त्यांच्यावर साखर चढलीच नव्हती, हे पुढे कळले. साखरेसकट तोडणारे विकरही काही जीवाणूंत आहे म्हणा.

या एमसीआर-बीसीची रचना पाषाणच्या आयसर संस्थेतील साईकृष्णन व सहकाऱ्यांनी 2019 साली प्रसिद्ध केली. एका प्रथिनाच्या सहा-सहा रेणूंची दोन चाके आणि दोन्हींत दुसऱ्या प्रथिनाची आस, असे एकूण 14 रेणू. एका खुणेवर ते भागत नाही, दोन लागतात.

तुम्ही म्हणाल, आमच्या उसाला याचे काय? उसाच्या डीएनएवरही मिथाइलच्या खुणा असतात. ऊतीसंवर्धनाच्या बाटलीत त्या कधी कधी बदलतात. अक्षरे तीच, पण रोप मूळ वाणाला सोडून जाते, आणि पैसे मोजणाऱ्याला ते ऊस उभा राहिल्यावर दिसते. हे विकर खुणांचा भाग तोडते, बिनखुणेचा ठेवते. त्यामुळे मूळ बेणे आणि बाटलीतले रोप यांचा डीएनए शेजारी ठेवून ताडता येतो. काम प्रयोगशाळेचे, बांधावरचे नव्हे. पण ते रोप सरीत जाण्याआधी होऊ शकते.