पन्नास पुंगळ्या आणि एक टॉर्च

माझं लहानपण खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या भिंतीबाहेर गेलं. कारखाना 1869 सालचा. काका तिथेच नोकरीला होते, पण आत काय चालतं ते त्यांनी घरात कधी सांगितलं नाही. त्यामुळे पेनसिल्व्हेनियातला आमचा म्हातारा शेजारी कुंपणावरून सहज म्हणाला, "काडतुसं भरतोय, ये बघायला," तेव्हा मी चहा तसाच टाकून निघालो.

त्याच्या गॅरेजमध्ये गवत कापायचं यंत्र आणि नाताळच्या दिव्यांची खोकी यांच्यामध्ये एक जाड लाकडी टेबल. त्याला बोल्टने आवळलेला लोखंडी प्रेस, दांडा एकदा ओढला की एकच काम करणारा. कोपऱ्यात अक्रोडाच्या टरफलांच्या भुशात झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या घरघरत घासल्या जात होत्या. वास नुकत्याच उजळलेल्या देवांच्या भांड्यांचा. त्या वासाने मी जरा बावचळलोच.

पुंगळी दाबून मापात आणायची, जुना प्रायमर काढून नवा बसवायचा, दारू घालायची, वर गोळी बसवायची. प्रायमर म्हणजे दिवाळीतल्या टिकलीची थोरली बहीण. इथे स्वतःपुरतं हे करायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. आपल्याकडे परवान्याशिवाय केलं तर शस्त्र कायद्याखाली थेट गुन्हा. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेच्या 2024च्या ऑलिंपिक नेमबाजी पदकाचं मी अभिमानाने सांगितलं, तर म्हातारा म्हणाला, "पॉइंट टू-टूचं काडतूस ना? ते पुन्हा भरता येत नाही. त्याचा भडका काठातच असतो."

नवशिक्याने आधी काय घ्यावं?

"पुस्तक," तो म्हणाला. कुठल्या गोळीमागे कुठली दारू किती, कमीत कमी आणि जास्तीत जास्त, याचे तक्ते असलेलं. मग तराजू. प्रेस त्यानंतर. दर ओढीला एक तयार काडतूस टाकणारे प्रोग्रेसिव्ह प्रेस मिळतात, पण ते पहिल्याच दिवशी घेणाऱ्यांबद्दल त्याचं मत फारसं बरं नव्हतं. "आधी एकेक पुंगळी हाताळायला शीक."

चाळीस वर्षं लेथवर काढलेला माणूस. माप ग्रेनमध्ये, म्हणजे मुळात धान्याच्या दाण्यात. "पौंडात सात हजार," तो म्हणाला, "आणि मी भांडतो एक दशांशासाठी." मला आमचा सोनार आठवला. जुना तोळा 180 ग्रेनचा, त्याच्या 96 गुंजा. त्या दिवशी म्हातारा भरत होता ती रिव्हॉल्व्हरची पॉइंट थ्री-एट स्पेशल. तिची दारू चार-पाच ग्रेन, म्हणजे जेमतेम दोन-अडीच गुंजा.

गोम इथेच आहे. हे काडतूस काळ्या दारूच्या जमान्यातलं, त्यामुळे पुंगळी ऐसपैस. आजची जोरकस दारू तळाशीच राहते. चुकून दुसऱ्यांदा घातली तरी सांडत नाही, आत गुपचूप मावते. मग हातातलं रिव्हॉल्व्हर फुटू शकतं.

म्हणून दारू घालताना रेडिओ बंद, फोन बंद, बोलणं बंद. टेबलावर एका वेळी एकाच दारूचा डबा. पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या केल्या, की एकही गोळी बसवण्याआधी तो टॉर्च घेऊन प्रत्येकीत डोकावतो. एवढ्या खटाटोपाने पैसे किती वाचतात? तो हसला. "वाचत नाहीत. तेवढ्याच पैशात जास्त उडवतो, इतकंच."

बंदुकांबद्दल माझं मत गॅरेजमध्ये शिरताना जे होतं तेच बाहेर पडतानाही राहिलं. पण त्याने टॉर्च माझ्या हातात दिला, "आता तू बघ," म्हणाला, आणि मी पन्नासही तोंडांत पाहिलं. चौथ्या रांगेतल्या एकीत दारू जरा वर वाटली. की सावली होती? मी तसं सांगितलं.

त्याने वाद घातला नाही. पुंगळी उचलली, तराजूच्या पारड्यात रिकामी केली. काटा बरोबर जागेवर थांबला.

"सावलीच होती," मी ओशाळून म्हणालो.

"असू दे," तो म्हणाला आणि उरलेल्या एकोणपन्नास त्याने पुन्हा पहिलीपासून पाहायला घेतल्या.