टर्बो सर्वांत शेवटी

निसानची स्कायलाइन जीटी-आर 1989 साली बाजारात आली तेव्हा कंपनीने तिची ताकद 280 अश्वशक्ती सांगितली. त्या काळात जपानी कंपन्या यापुढचा आकडा छापतच नसत. पण तिचं 2.6 लिटरचं, सहा सिलिंडरांचं आरबी26 इंजिन ‘ग्रुप ए’ शर्यती डोळ्यांसमोर ठेवून बनवलेलं होतं आणि शर्यतीच्या गाड्यांत त्यातून पाचशेहून जास्त अश्वशक्ती निघत होती. ही बातमी फुटल्यावर हौशी लोक गप्प बसणार थोडेच! जपानभरच्या वर्कशॉपांत या इंजिनाची उघडझाप सुरू झाली आणि ती अजून चालू आहे.

पहिला मोह असतो बूस्ट वाढवण्याचा. टर्बोमध्ये दोन चाकं एकाच दांड्यावर बसलेली असतात. एक्झॉस्टच्या वायूने एक फिरतं, दुसरं बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल जाळता येणार, म्हणजे जास्त ताकद. जीटी-आरमध्ये असे दोन टर्बो होते आणि त्यांची एक्झॉस्टकडची चाकं सिरॅमिकची होती. हलकी असल्यामुळे ती पटकन वेग घेत. मात्र सिरॅमिक ठिसूळ. बूस्ट एक बारच्या आसपास नेला की उष्णता आणि मिनिटाला लाखभर फेऱ्यांचा ताण मिळून चाक फुटायचं किंवा दांड्यावरून निखळायचं. शर्यतीसाठीच्या ‘एन1’ आवृत्तीत निसानने स्वतःच धातूची चाकं दिली, यातच काय ते आलं.

मग थेट मोठा टर्बोच का बसवू नये? इथे भूमिती आडवी येते. चाकाची सगळी मापं एकाच प्रमाणात वाढवली, तर त्याचं जडत्व व्यासाच्या पाचव्या घाताने वाढतं. व्यास 10 टक्के वाढला की जडत्व सुमारे 60 टक्क्यांनी वाढतं. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यापासून गाडी उसळेपर्यंतचा तो चिडवणारा क्षण, म्हणजे ‘लॅग’, यातून येतो. वरच्या आरपीएमला राक्षस आणि सिग्नलला म्हैस, अशा गाड्या कागदावर छान दिसतात. रोज चालवायला मला तरी नको.

उष्णतेचं गणित तर मुळातून पाहावं असं आहे. 27 अंशांची हवा दाबून तिचा दाब दुप्पट केला, तर आदर्श यंत्रातही ती 90 अंशांच्या पुढे जाते. खरा कॉम्प्रेसर 70 टक्के कार्यक्षम धरला, तर 120 अंश. गरम हवा फुगते. त्यामुळे दाब दुप्पट होऊनही घनता जेमतेम दीडपट होते. तीच हवा इंटरकूलरमधून, म्हणजे हवा गार करणाऱ्या जाळीतून, 50 अंशांवर आणली, की घनता पावणेदोनपटीच्या वर जाते. म्हणजे टर्बोला हातही न लावता, नुसत्या जाळीच्या जोरावर वीस-बावीस टक्के जास्त हवा. शिवाय गार हवेमुळे नॉकिंगचा धोका घटतो. नॉकिंगमध्ये ठिणगीची ज्वाला पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेटतं, दाबाचे तडाखे बसतात आणि पिस्टनच्या रिंगांमधल्या पट्ट्या तुटतात. काही सेकंद पुरतात.

हवा वाढली की पेट्रोल वाढायलाच हवं. जीटी-आरचे मूळ इंजेक्टर प्रत्येकी मिनिटाला 444 मिलिलिटरचे, म्हणजे सहा मिळून अडीच लिटरहून थोडं जास्त. सुरक्षित मर्यादेत ते चारशे अश्वशक्तीच्या अलीकडेच दमतात. पंपाची अडचण आणखी छुपी असते. बूस्ट वाढला की इंधनाचा दाबही तेवढाच वाढवावा लागतो आणि दाब वाढला की पंप कमी पेट्रोल देतो. नेमकी गरज असते तेव्हा! मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि पिस्टन वितळतो.

ऑइलची कथा या इंजिनाची खास दुखरी जागा. सुरुवातीच्या, म्हणजे 1989 साली आलेल्या आर32 मॉडेलमध्ये क्रँकशाफ्टचा ऑइल पंपाला फिरवणारा भाग अरुंद होता. जोरात चालवलेल्या इंजिनांत पंपाचे गिअर तडकत. त्यात वरच्या आरपीएमला ऑइल सिलिंडर हेडमध्ये साचून खाली लवकर उतरत नाही. टर्बोचा दांडा तर ऑइलच्या पातळ थरावरच तरंगत असतो. थर गेला की तोही गेला. नवा क्लच, जाड हेड गास्केट, ईसीयूचं, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचं, ट्यूनिंग हे खर्च यानंतरही उरतातच.

आपल्याकडे हल्ली एक लिटरच्या टर्बो पेट्रोल गाड्यांचं अर्ध्या तासात ‘रीमॅप’, म्हणजे ईसीयूमधल्या आकड्यांत बदल, करून मिळतं. इंजिन लहान असलं तरी हवा तशीच तापते आणि पंप तसाच दमतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ तपशिलांत परस्पर बदल करता येत नाही आणि अपघात झालाच तर विमा कंपनी हेच पहिलं पाहते.

तरीही हौस असेल, तर क्रम लक्षात ठेवा: आधी इंजिनाची तब्येत आणि ऑइल, मग पंप, इंजेक्टर आणि इंटरकूलर, टर्बो सर्वांत शेवटी. आणि वर्कशॉपवाला ‘नुसता टर्बो टाकू, बाकी चालून जाईल’ म्हणाला, तर गाडी तिथून तशीच घरी आणा.