नाव तेच, मलई गेली

मे महिन्यात मुंबईची मंडळी हवापालटाला देवळाली कॅम्पात आली की लॅम रोडवरच्या दुकानांत आइस्क्रीमच्या फ्रीझरला उसंत नसते. ‘आता पूर्वीची चव राहिली नाही’ हे वाक्यही तिथे हमखास कानावर पडतं. वाढत्या वयाची कुरकुर म्हणून ते सोडून देऊ नये. चव का बदलली, हे बऱ्याचदा डब्यावरच छापलेलं असतं.

क्वालिटीचंच पाहा. १९४० मध्ये पिशोरीलाल लांबा आणि इक्बाल घई यांनी दिल्लीत सुरू केलेलं हे नाव. १९९४ मध्ये युनिलिव्हर समूहाने क्वालिटीच्या कुटुंबांशी करार केला आणि ‘क्वालिटी वॉल्स’ बाजारात आलं. कॅडबरीचं डॉलॉप्स आइस्क्रीमही याच समूहाकडे गेलं. पुढे क्वालिटी वॉल्सचा बराच माल ‘फ्रोझन डेझर्ट’ म्हणून विकला जाऊ लागला.

फरक स्निग्धांशाचा आहे. नियमानुसार साध्या आइस्क्रीममध्ये किमान १० टक्के दुधाचा स्निग्धांश हवा. फ्रोझन डेझर्टमध्ये त्याऐवजी वनस्पती तेल चालतं. पामतेल लोण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त. पण लोण्याचा स्वतःचा वास आणि स्वाद असतो, शुद्ध केलेल्या तेलाला तो नसतो. मग ती उणीव इसेन्सवर भागवावी लागते. शिवाय दोन्हींत हवा फेटलेली असते. एक लिटर आइस्क्रीमचं वजन ५२५ ग्रॅम भरलं तरी नियम पाळला जातो. म्हणून दोन डबे मिलिलिटरवर नव्हे, वजनावर तोलून पाहावेत.

फ्रोझन डेझर्ट म्हणजे भेसळ नव्हे, ते कायदेशीर आहे आणि इतर कंपन्याही ते बनवतात. अमूलने जाहिरातींत त्याचा संबंध वनस्पती तुपाशी जोडला, तेव्हा हिंदुस्थान युनिलिव्हर कोर्टात गेली आणि २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या जाहिराती थांबवल्या.

नाव विकत घेऊन घटक बदलणं फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. क्राफ्टने २०१० मध्ये ब्रिटनची कॅडबरी घेतली. २०१५ मध्ये तिथल्या क्रीम एग या चॉकलेटच्या अंड्याचं कवच डेअरी मिल्कऐवजी साध्या चॉकलेटचं झालं आणि गिऱ्हाईक खवळलं. विकत घेणारा मुख्यतः नावाचे पैसे मोजतो. ते वसूल करायचे तर भाव वाढवा किंवा घटक बदला. भाववाढ लगेच डोळ्यांत भरते, घटकांतला बदल सहसा नाही.

म्हणून पैसे देण्याआधी डबा उलटा करा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. कोणता स्निग्धांश कितव्या क्रमांकावर आहे ते पाहा. तेलाचा माल हवा असेल तर खुशाल घ्या, पण दुधाच्या मालाचा भाव त्याला देऊ नका.